तक्त्यातला ‘वीस’ : एका दुपारच्या फेरीचा प्रकरण अभ्यास

ऑपरेशन होऊन तिसरा दिवस असलेला एक रुग्ण, दुसऱ्या वर्षाची एक नर्सिंग विद्यार्थिनी आणि श्वसनाच्या (मिनिटाला किती श्वास) रकान्यात सलग लिहिलेला २० हा आकडा, एवढंच या प्रकरणाचं भांडवल आहे. प्रकरण शिकवण्यासाठी रचलं आहे, त्यातला वॉर्ड आणि माणसं खरी नाहीत. पण ज्या नर्सिंग स्कूलच्या विद्यार्थिनी रुग्णालयाच्या वॉर्डात ड्युटी करत शिकतात, तिथल्या कुठल्याही ट्यूटरला यातली एकही गोष्ट नवीन वाटणार नाही.

परिस्थिती

सर्जिकल वॉर्ड, २४ रुग्ण. दुपारच्या शिफ्टला दोन स्टाफ नर्स, चार विद्यार्थिनी आणि दोन वॉर्ड मिळून एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. कामं वाटून दिलेली: एकीकडे सगळ्या रुग्णांचे व्हायटल्स (ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वास), दुसरीकडे इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी), तिसरी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, चौथी स्टाफबरोबर औषधांच्या फेरीत. हॅण्डओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टने रुग्णांची माहिती देणं, पावणेदोनला संपला. तीन वाजता डॉक्टरांचा राउंड, त्याआधी सगळे तक्ते भरलेले हवेत.

बेड ११ वर ५८ वर्षांचे गृहस्थ, वजन ६० किलो. मोठ्या आतड्याचा काही भाग काढून टोकं जोडण्याचं ऑपरेशन ठरवून केलेलं. आज तिसरा दिवस. सलाइन चालू, लघवीची नळी आहे, वेदनाशामक वेळच्या वेळी दिलं जातंय. सकाळच्या हॅण्डओव्हरमध्ये त्यांच्याबद्दल ‘स्टेबल’ एवढंच सांगितलं गेलं. दर चार तासांचा तक्ता असा होता:

सकाळी ६ : ताप ३७.४ सेल्सियस, नाडी ८८, बीपी १२६/७८, ऑक्सिजन ९७ टक्के, श्वास २०.
सकाळी १० : ताप ३७.७, नाडी ९६, बीपी १२२/७६, ऑक्सिजन ९६, श्वास २०.

आदल्या दिवसाच्या सहाही नोंदींत श्वास २०, १८, २०, २०, २०, २०. शेजारच्या बेडांच्या तक्त्यांतही थोड्याफार फरकाने तेच.

दुपारी दोन वाजता

व्हायटल्सची जबाबदारी असलेल्या विद्यार्थिनीने ताज्या ऑपरेशनच्या रुग्णांपासून सुरुवात केली. क्रम म्हणून हे बरोबरच होतं. बेड ११ ला ताप ३७.९, नाडी १०४, बीपी ११६/७२, ऑक्सिजन ९५. मनगटावरची बोटं तशीच ठेवून तिने छातीकडे बघत १५ सेकंद मोजलं. सात श्वास. चारने गुणून २८.

तक्त्यावर मागे नजर टाकली तर सगळीकडे २०. अशा वेळी हात आपोआप २२ लिहितो. फार वेगळा दिसत नाही आणि अगदी खोटाही वाटत नाही, असा तडजोडीचा आकडा. तिने तो लिहिला नाही, पूर्ण मिनिट मोजलं. २८ आले. मग रुग्णाच्या अंगावरची चादर थोडी खाली सरकवून, त्यांना न सांगता आणखी एक मिनिट मोजलं. २९. श्वास उथळ होता, पोट हलत नव्हतं, गळ्याजवळचे स्नायू ओढले जात होते.

ती औषधांच्या ट्रॉलीपाशी गेली आणि म्हणाली, “सिस्टर, अकरा नंबरच्या काकांचा श्वास जरा जास्त वाटतोय.” सिस्टर त्या वेळी इंजेक्शन तपासत होत्या. “दुखत असेल गं. लिहून ठेव, राउंडला दाखवू.” विद्यार्थिनीने २८ लिहिलं आणि बेड १२ कडे वळली.

पाऊण तास असाच गेला. पावणेतीनला इन्स्ट्रक्टर दुसऱ्या वॉर्डातून आल्या, तक्ते चाळताना बेड ११ वर थांबल्या. त्यांनी विद्यार्थिनीला सिस्टरकडे परत पाठवलं, पण आधी काय बोलायचं ते कागदावर लिहायला लावलं. मधल्या वेळेत पुन्हा मोजलं: ताप ३८.२, नाडी ११२, बीपी १०८/६६, ऑक्सिजन ९४, श्वास ३०. यानंतरची पावलं वेगाने पडली. सिस्टर बेडजवळ आल्या, सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना फोन गेला, रक्ताची तपासणी, लॅक्टेट, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी चाचणी), मग अँटिबायोटिक, सलाइनचा वेग, सीटी स्कॅन. आतड्याच्या जोडातून गळती होती. त्याच संध्याकाळी रुग्ण पुन्हा थिएटरमध्ये गेला.

आकडे नीट वाचले तर

न्यूज-२ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या इशारा-गुणांकनाने हाच तक्ता वाचू: प्रत्येक व्हायटलला गुण द्यायचे आणि बेरजेवरून धोका ओळखायचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने न्यूज २०१२ मध्ये आणलं आणि २०१७ मध्ये सुधारून न्यूज-२ केलं. त्यात श्वास १२ ते २० ला शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा त्याहून जास्त असेल तर ३. नाडी ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २. ऑक्सिजन ९४-९५ ला १. वरचं बीपी १०१ ते ११० ला १. ताप ३८.१ ते ३९ ला १.

दुपारी दोनला श्वास ‘२०’ लिहिला असता तर नाडीचा १ आणि ऑक्सिजनचा १ मिळून एकूण २ झाले असते. म्हणजे चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. खरा श्वास धरला तर एकूण ५. पाच म्हणजे तातडीने डॉक्टरांनी बघायला हवं आणि किमान दर तासाला व्हायटल्स. शिवाय एकाच बाबीला ३ गुण मिळाले तरी तेवढ्यावरही कळवणं लागतंच. पावणेतीनला बेरीज ८ झाली. सात किंवा त्याहून जास्त झाले की आपत्कालीन प्रतिसाद. म्हणजे दोन वाजता हातात असलेला सगळ्यात मोठा पुरावा त्या एका रकान्यात होता. नाडी, ताप, बीपी, ऑक्सिजन चारही आकडे तोपर्यंत ‘थोडंसं वाढलंय, थोडंसं उतरलंय’ याच पट्ट्यात होते.

याचं कारण शरीराच्या कामात आहे. जंतुसंसर्ग रक्तात पसरून पेशींना रक्तपुरवठा अपुरा पडू लागला की लॅक्टेट वाढतं, रक्त आम्लाकडे झुकतं. ते आम्ल कमी करण्याचा शरीराकडचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, म्हणून श्वास वाढतो. ऑक्सिमीटर मात्र बराच वेळ चांगला आकडा दाखवतो, कारण जास्त श्वास घेऊनच शरीराने तो आकडा टिकवलेला असतो. ‘ऑक्सिजन ९५ आहे, मग श्वासाचं काय घाबरायचं’ हे वाक्य वॉर्डात ऐकू आलं तर तिथेच थांबून समजावून सांगावं.

उलट दिशेचा धोका याहून कमी बोलला जातो. मॉर्फिनसारखं औषध चालू असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावत ८ वर आला तरी सवयीने लिहिलेला २० तोही झाकतो. एकच खोटा आकडा दोन्ही बाजूंचे रुग्ण लपवतो.

लघवीचा तक्ताही त्या दिवशी बोलत होता. सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत पिशवीत ९० मिली जमा झाली होती. ताशी २२ मिलीच्या आसपास. मोठ्या माणसाला किलोमागे ताशी अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे इथे ताशी ३०. हा आकडा इनटेक-आउटपुट बघणाऱ्या विद्यार्थिनीने अचूक मोजून अचूक लिहिला होता. पण तिला नाडी माहीत नव्हती आणि व्हायटल्सवालीला लघवी माहीत नव्हती. दोन्ही कागद एकाच बेडच्या पायथ्याशी लटकत होते.

वीस का लिहिला जातो

‘मुली आळशी आहेत’ हे उत्तर सोपं आहे आणि आमच्या मते चुकीचं आहे. आधी वेळेचा हिशोब करू. एका रुग्णाचे व्हायटल्स नीट घ्यायचे तर हात स्वच्छ करणं अर्धा मिनिट, नाव आणि मनगटपट्टी पाहणं, डिजिटल थर्मामीटर काखेत धरून बीप होईपर्यंत थांबणं, नाडी अर्धा ते एक मिनिट, श्वास पूर्ण एक मिनिट, बीपीसाठी दंड मोकळा करून कफ बांधणं-सोडणं दीड मिनिट, ऑक्सिमीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबणं, कफ आणि ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा प्रोब पुसणं, लिहिणं. काही कामं एकाच वेळी चालतात हे धरूनही पाच मिनिटं लागतात. २४ रुग्णांना १२० मिनिटं. त्या दुपारी हाताशी होती ७५. म्हणजे रुग्णामागे तीन मिनिटं.

या हिशोबात काहीतरी गळणारच, आणि गळतो तो श्वास, कारण तो एकटाच यंत्राशिवाय मोजावा लागतो. कफ आणि प्रोब असलेला चाकांवरचा मॉनिटर बीपी, नाडी, ऑक्सिजन दाखवतो. थर्मामीटर बीप करतो. श्वासासाठी घड्याळ, डोळे आणि एक सलग मिनिट लागतं, आणि ते मिनिट न दिल्याचं कुणाला कळत नाही. ऑक्सिजनचा आकडा मनाने लिहिला तर पुढचा माणूस प्रोब लावून पकडू शकतो. दोन तासांपूर्वीचा श्वास कोण पकडणार?

आणि वीसच का? प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० हे पहिल्या वर्षीच पाठ झालेलं असतं. वीस हा त्या पट्ट्याचा वरचा काठ. ऑपरेशन झालेल्या माणसाला तो शोभतो, आणि तरीही त्यावर कुणी काही विचारत नाही. एकवीस लिहिलं की दोन गुण लागतात, सिस्टरना सांगावं लागतं. वीस लिहिला की विषय संपतो.

त्यात तपासणीची पद्धत भर घालते. इन्स्ट्रक्टर फेरीत रिकामा रकाना शोधतात. रिकामा दिसला की ओरडा बसतो, चुकीचा २० दिसला तर सही होते. प्रोसिजर बुकातही (विद्यार्थिनीने केलेल्या कामांच्या नोंदवहीत) किती वेळा केलं हे भरायचं असतं, किती अचूक केलं हे नाही. विद्यार्थिनी या दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यातच ओळखतात. नर्सिंगच्या शिक्षणात हा ताण जुना आहे: फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या शाळेपासून विद्यार्थिनी वॉर्डात काम करता करता शिकतात, आणि काम व शिकणं यांत ओढाताण झाली की काम जिंकतं.

परीक्षेत मात्र याच मुली श्वास बिनचूक मोजतात. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ओस्की पद्धतीच्या (टप्प्याटप्प्याने कौशल्य करून दाखवायच्या परीक्षेच्या) स्टेशनवर एक रुग्ण, एक परीक्षक आणि पुरेशी मिनिटं असतात. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि प्रत्यक्ष कामात करणं. ओस्की तिसरी पायरी तपासते. बेड ११ चौथ्या पायरीवर होता. म्हणून ‘तंत्र परत शिकवा’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

तंत्रातल्या चुका, ज्या तरीही शिकवायलाच हव्यात

१५ सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर १६, २०, २४, २८ असंच येतं. मधले आकडे येऊच शकत नाहीत. एक श्वास निसटला की चारचा फरक, म्हणजे २४ चे २० होतात आणि दोन गुण नाहीसे होतात. लय बिघडलेली असेल, श्वास वाढत जाऊन मध्येच थांबत असेल, तर १५ सेकंदांत नेमकी थांबलेली वेळ सापडू शकते. म्हणून पूर्ण ६० सेकंद.

रुग्णाला कळलं की तो श्वास आवरतो. नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडायचं नाही. हात छातीवर आडवा घेतला तर उथळ श्वासही बोटांना लागतो. छाती वर जाऊन खाली आली की एक. कपडा जाड असेल तर खांद्याकडे किंवा पोटाकडे बघायचं. रुग्ण बोलत असेल, नुकताच चालून आला असेल, तर थोडं थांबायचं. आकड्याबरोबर खोली, लय आणि मानेचे स्नायू ओढले जातात का हेही लिहायचं.

रात्रपाळीत क्रम उलटा. पहाटेच्या फेरीत आधी झोपलेल्या माणसाचा श्वास मोजायचा, टॉर्चचा उजेड तोंडावर न टाकता छातीवर पडेल असा धरायचा, आणि मगच हात लावून उठवायचं. आधी थर्मामीटर लावला तर माणूस जागा होतो, कूस बदलतो, आणि मोजण्यासारखा शांत श्वास हातचा जातो. रात्रभर जागलेल्या मुलीला पहाटे हे करणं जड जातं. तक्त्यांची पडताळणी करायची असेल तर सुरुवात पहाटेच्या नोंदींपासून करावी.

पाऊण तास कुठे गेला

विद्यार्थिनीने योग्य ते पाहिलं, तरी तिचं वाक्य निष्फळ ठरलं. ‘जरा जास्त’ आणि ‘वाटतोय’ या दोन शब्दांनी सिस्टरना सुटका दिली. आकडा नव्हता, तुलना नव्हती, मागणी नव्हती. इन्स्ट्रक्टरनी तिच्याकडून लिहून घेतलेलं वाक्य एसबारच्या साच्यातलं होतं. हा साचा अमेरिकन नौदलातून रुग्णालयांत आला: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी.

“सिस्टर, बेड ११ च्या काकांचा श्वास ३० आहे, पूर्ण मिनिट मोजलाय. दोन वाजता २८ होता. आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. नाडी ११२, बीपी १०८, चार तासांत लघवी फक्त ९०. स्कोअर ८ येतोय. मला वाटतं ते बिघडतायत. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?”

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. ‘मला वाटतं’ इथेही आहे, पण आकड्यांनंतर आलंय. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. उत्तर ‘नंतर’ आलं तर विद्यार्थिनीने इन्चार्ज सिस्टर किंवा इन्स्ट्रक्टर यांना लगेच कळवायचं, आणि त्याला चहाडी म्हणायचं नाही हे स्कूलने पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी स्टाफसमोरच सांगायला हवं.

सिस्टरचा ‘दुखत असेल’ हा अंदाज अशक्य नव्हता. वेदनेनेही श्वास वाढतो. पण ते सिद्ध करायला वेदना विचारून, औषध देऊन ठरावीक वेळाने पुन्हा मोजावं लागतं. आणि स्कोअर ५ झाला असेल तर ते होईपर्यंत फोन थांबवायचा नसतो.

त्यानंतर

मोजणाऱ्या विद्यार्थिनीशी त्याच दिवशी, वॉर्डाबाहेर, पंधरा-वीस मिनिटं बोलावं. तिने काय बरोबर केलं ते नाव घेऊन सांगावं: तडजोडीचा आकडा टाळला, पूर्ण मिनिट मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग पाऊण तासाबद्दल विचारावं: “सिस्टर ‘लिहून ठेव’ म्हणाल्या तेव्हा तुला काय करावंसं वाटलं? काय आडवं आलं?” उत्तरात बहुधा भीती येते, आणि त्या भीतीचं कारण शोधणं हे स्कूलचं काम आहे.

आधी २० लिहिणाऱ्या मुलींचं काय, हा अवघड भाग. न मोजता लिहिलेला आकडा ही खोटी नोंद आहे, आणि रुग्णाचा तक्ता हा कायदेशीर कागद आहे. हे त्यांना गुळमुळीत न करता सांगायलाच हवं. तरीही सगळ्यांसमोर उभं करून झापल्याने त्या पुढच्या वेळी २० ऐवजी १९ आणि २१ लिहायला शिकतील, मोजायला नाही. त्याऐवजी इन्स्ट्रक्टरने अशा प्रत्येकीबरोबर तीन रुग्णांचे श्वास एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजावेत आणि ताडून पाहावेत. दोनपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. हाच प्रकार त्याच विद्यार्थिनीकडून ताकीद मिळाल्यावरही झाला, तर मात्र शिस्तीची कारवाई योग्य आहे.

जुन्या नोंदी नंतर ‘दुरुस्त’ करू नयेत. सकाळी दहाला श्वास किती होता हे आता कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे २० खोडून २४ लिहिणं म्हणजे दुसरी खोटी नोंद. न मोजल्याचं विद्यार्थिनीने मान्य केलं असेल तर आजची तारीख आणि वेळ टाकून ‘१० वाजताचा श्वास मोजलेला नव्हता’ अशी वेगळी नोंद, सहीसह. स्वतःच्या लिहिण्यातली साधी चूक असेल तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, वेळ, सही. पांढरा रंग लावायचा नाही.

वॉर्डासाठी सगळ्यात मोठा बदल वाटणीतला. २४ रुग्ण कामांनुसार चौघींत न वाटता रुग्णांनुसार वाटावेत. प्रत्येकीला सहा: व्हायटल्स, इनटेक-आउटपुट, ड्रेसिंगची तयारी, सगळं तिचंच. सहा रुग्णांच्या व्हायटल्सला अर्धा तास पुरतो, आणि बेड ११ ची नाडी व लघवी एकाच डोक्यात राहतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला दोनच रुग्ण, बाकीचे वरच्या वर्षाच्या मुलींकडे. स्टाफ सुरुवातीला विरोध करतात, कारण ‘तक्ते कुणाकडे’ या प्रश्नाला आता एकच नाव मिळत नाही. भिंतीवरच्या फळ्यावर बेड नंबरसमोर विद्यार्थिनीचं नाव लिहिलं की ही तक्रार बरीच कमी होते.

दुसरा बदल छोटा आहे, पण आम्ही त्यावर अडून बसू. रकान्यात ‘मोजला नाही’ आणि कारण लिहिण्याची मुभा द्यावी, आणि त्यासाठी कुणाला ओरडू नये. रिकामा रकाना निदान पुढच्या माणसाला मोजायला लावतो. २० त्याला निश्चिंत करतो.

पडताळणी सोपी आहे. एका दिवसाच्या सगळ्या तक्त्यांतले श्वासाचे आकडे एका कागदावर उतरवायचे. पूर्ण मिनिट मोजलं जात असेल तर सम आणि विषम आकडे साधारण सारखेच दिसतात: १७, १८, १५, २२. नुसते १८ आणि २० दिसले तर कुणी मोजत नाही. सगळे आकडे चारच्या पाढ्यातले असतील तर मोजतात, पण १५ सेकंद. बदल सुरू करण्याआधी एकदा, आणि नंतर दर महिन्याला, न सांगता निवडलेल्या दिवशी हे करावं. पहाटे, दुपार आणि रात्र यांचे कागद वेगळे ठेवावेत.

परीक्षेच्या महिन्यात वॉर्डात चारऐवजी दोनच विद्यार्थिनी उरतात आणि जुनी वाटणी परत येते. तेव्हा २४ रुग्णांचे व्हायटल्स पुन्हा एकीच्या गळ्यात पडणार असतील तर आधी यादी करावी: ऑपरेशन होऊन पाच दिवस न झालेले, ताप असलेले, मॉर्फिनसारखं औषध चालू असलेले, मागच्या फेरीत स्कोअर १ किंवा जास्त आलेले. या रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचाच. बाकीच्यांचा वेळेत झाला नाही तर रकान्यात तसं लिहायचं, आणि ते रुग्ण पुढच्या शिफ्टच्या हॅण्डओव्हरमध्ये बेड नंबरासकट सांगायचे.